चौथ्या चौकटीतले पणजोबा

सैदीच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी त्याचं अभिनंदन केलं. त्याच्या देशावर एके काळी जर्मनांनी राज्य केलं होतं, म्हणून. आम्ही सगळे गालिच्यावर गोल बसलो होतो. समोर सैदी, त्याची बायको सलमा आणि मुलगी नीमा, माझ्या बाजूला वृंदा, म्हणजे माझी बायको, आणि आमची सई. हातात नारळाच्या दुधातल्या भाताचा घास होता आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, "नशीबवान आहात तुम्ही लोक. आमच्या वाट्याला नुसते इंग्रज आले. जर्मन म्हणजे कसं, एकदम सिस्टिम!" एसीची घरघर अचानक मोठ्याने ऐकू यायला लागली. सैदीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हसून म्हणाला, "मिस्टर जयंत, जर्मन गेल्यावर आमच्याकडेही इंग्रज आले. दोघांची चव घेऊन झाली आमची." सलमाने माझ्या ताटात आणखी भात वाढला. वृंदाने मांडीला असा चिमटा काढला की नंतर कितीतरी वेळ मला मांडी घालून बसताना तो आठवत होता.

माझी बाजूही ऐकून घ्यायला हवी. नाशिकला आमच्या लहानपणी जर्मनी हा देश नव्हताच, ते एक पातेलं होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आई 'जर्मनचं' म्हणायची. दूध जर्मनच्या पातेल्यात, आंघोळीचं पाणी जर्मनच्या घंगाळात, त्यामुळे तिकडची माणसं आपल्या स्वयंपाकघराची फार काळजी घेतात असं माझं मत झालेलं. पुढे इंजिनियर होऊन कतारला आलो तर गॅसच्या प्लान्टमध्ये माझ्या गळ्यात पडला एक जर्मन कॉम्प्रेसर. इतकं गुणी यंत्र मी आजवर पाहिलं नाही. वेळेवर तेल मागायचं, वेळेवर फिल्टर मागायचं, कधी कुरकुर नाही. शटडाऊनच्या वेळी त्यांचा माणूस यायचा तो स्वतःचे पाने स्वतःच्या पेटीत घेऊन, आणि जाताना फरशी पुसून जायचा. एवढ्या भांडवलावर मी ठरवून टाकलं होतं की हे लोक देशही असेच चालवत असणार, आवाज कमी आणि गळती शून्य. देश आणि कॉम्प्रेसर यांत काही फरक असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा सई म्हणाली, की लहानपणाच्या आठवणी लिहितोयस तर त्यात दोहा कसं काय आलं? तिला काय सांगणार? मी वाढलो नाशिकला, पण मोठा झालो दोह्यातल्या मुऐदरला, तेही डोक्यावरचे केस गेल्यानंतर. माझं बालपण जरा लांबलं, एवढंच. आमच्या घरात त्या काळात दोन मुलं वाढत होती, एक सोळा वर्षांची आणि दुसरा तिचा बाप.

मुऐदरला एका जुन्या व्हिलाचे मालकाने भिंत घालून दोन भाग केले होते. डावीकडे आम्ही, उजवीकडे सैदी. तो टांझानियातला, टांगा नावाच्या बंदराच्या गावचा, आणि इथे विमानाच्या कार्गोमध्ये सुपरवायझर. भिंत अशी की आमच्या कुकरच्या शिट्ट्या सलमा मोजायची, आणि तिच्याकडे नारळ खवायला सुरुवात झाली की वृंदा म्हणायची, "आज भात आहे वाटतं." सलमाने टांगाहून एक लाकडी खवणी आणली होती, बसायचा पाट आणि पुढे निघालेलं दातेरी लोखंडी पातं. वृंदाने ती पाहिली आणि तिला माहेरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. त्या खवणीवरून मैत्री सुरू झाली. तिकडून वेलदोड्याचा वास येणारे मंदाझी यायचे, तळून फुगलेले, आपल्या घारग्यांचे चुलतभाऊ, आणि इकडून खरेच घारगे जायचे. शुक्रवारी मशिदीतली नमाज आटपून सैदी परतला की दोन्ही घरांची दारं उघडी राहायची. मुली मागच्या फाटकातून इकडून तिकडे. वृंदा मराठीत बोलायची, सई इंग्रजीत उत्तर द्यायची. सलमा स्वाहिलीत बोलायची, नीमा इंग्रजीत उत्तर द्यायची. मग दोघी आया ओट्याशी उभ्या राहून मोडक्या हिंदीत एकमेकींकडे तक्रार करायच्या. ती हिंदी सलमाकडे सिनेमांतून आलेली, त्यामुळे साधं मीठ मागतानासुद्धा तिच्या आवाजात थोडी व्याकूळता असायची.

मुली एकाच शाळेत, एकाच वर्गात. इतिहासाच्या मिसने त्या वर्षी जोड्या करून विषय वाटले होते: दूरवरचं एक सरकार परक्या मुलखात कारभार कसा चालवायचं ते एका वसाहतीचं उदाहरण घेऊन मांडा, आणि तेही पालकांसमोर, शाळेच्या हॉलमध्ये. सई आणि नीमाने जर्मनांची पूर्व आफ्रिका घेतली, कारण नीमाचं गाव त्यातलंच. दोघी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायच्या आणि मी मागून घिरट्या घालायचो. पहिल्या दिवशी मी नुसता चहा विचारला. मग खुर्ची ओढली. मग सगळं माझ्याच हातात आलं. वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, अभ्यास त्यांचा आहे." मी म्हणालो, "मी फक्त गाईड करतोय."

गाईड करता करता मी एक तक्ता बनवला. ऑफिसात मोठ्या ड्रॉइंगच्या प्रिंट काढायचं मशीन आहे, त्यावर गुपचूप छापून आणला, अर्धं टेबल भरेल एवढा. सगळ्यात वर बर्लिनमधलं वसाहतींचं खातं. त्याखाली दार-ए-सलामचा गव्हर्नर. त्याखाली जिल्ह्याचा जर्मन अधिकारी, आपल्या किल्लेवजा कचेरीत बसलेला. त्याखाली चौथी चौकट, अकिडा. जर्मन साहेब मूठभर आणि मुलूख अफाट, म्हणून ते किनाऱ्यावरची लिहिता-वाचता येणारी माणसं उचलून आतल्या भागात, गावांच्या एकेका पट्ट्यावर नेमत. झोपडीमागे कर गोळा करायचा आणि सरकारी कापसाच्या शेतावर माणसं लावायची, हे अकिडाचं काम. त्याच्याखाली गावोगावचे मुखिये. खालून वर जाणारे निळे बाण, त्यांवर 'कर'. वरून खाली येणारे लाल बाण, त्यांवर 'हुकूम'. आणि अकिडाच्या चौकटीशेजारी मी पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'की इंटरफेस', म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सांधा. आता आठवलं की कान गरम होतात, पण तेव्हा मी तो तक्ता दोन हात लांब धरून बराच वेळ बघत राहिलो होतो. प्लान्टच्या मीटिंगमध्ये लावला असता तर टाळ्या पडल्या असत्या. तक्त्यात सगळं होतं. फक्त ज्यांच्या झोपड्या होत्या ती माणसं सगळ्यात खालच्या बाणाच्या शेपटाशी कुठेतरी होती, त्यांना चौकट नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नाही. नीमाच्या आलं असावं; ती तक्त्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "अंकल, इट्स व्हेरी नीट," आणि वडिलांना दाखवायला गुंडाळी करून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नीमा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडे खवणी गप्प. मग सई शाळेतून आली ती दप्तर आपटूनच. "शी इज आउट, बाबा. तिच्या बाबांनी नाही सांगितलंय. मिस म्हणतात, आय कॅन डू इट अलोन, ऑर रेल्वेचा विषय घे. व्हॉट डिड यू डू?" वृंदा पोळी लाटता लाटता थांबली आणि तिनेही तेच विचारलं, मराठीत. मला वाटलं, झालं, ते जेवतानाचं अभिनंदन सैदीने इतके दिवस मनात ठेवलं होतं, ते आज बाहेर आलं. सईचे डोळे भरले होते. दोघी तिसरीपासून एका बाकावर बसलेल्या, आणि आता शाळेच्या बसमध्ये नीमा पुढे जाऊन बसली होती.

मी घारग्यांचा डबा घेऊन निघालो. सैदी दोन घरांमधल्या जागेत, आमच्या दोघांच्या सामाईक लिंबाच्या झाडाला नळीने पाणी घालत होता. उन्हाळा नुकताच उतरलेला, मगरीबची, संध्याकाळच्या नमाजची वेळ जवळ आलेली. मी माफीचं इंग्रजी वाक्य घरून तयार करून आणलं होतं. ते अर्ध्यावर असतानाच त्याने हात वर केला. "ब्रदर, ते नाही. ते तर आम्ही अजून हसतो त्यावर." मग नळी झाडाच्या आळ्यात टाकून तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुमच्या चार्टमधली चौथी चौकट. तिच्यात माझे पणजोबा आहेत."

"अरे वा!" मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते आपसूक गेलं. कुणाचा पूर्वज सरकारी नोकरीत होता म्हटलं की आमच्याकडे 'अरे वा' हेच उत्तर असतं. सैदी हसला नाही.

त्याने सांगितलं ते असं. पणजोबा टांगाला जर्मनांच्या सरकारी शाळेत शिकले. अक्षर सुंदर. आधी कारकून झाले, मग अकिडा म्हणून त्यांना आत, फार दूर पाठवलं, जिथली बोली त्यांना धड कळतही नव्हती. दाराशी एक चाबूक टांगलेला असे, पाणघोड्याच्या कातड्याचा. कर दिला नाही तर तो. कापसाच्या शेतावर आला नाही तर तो. एक दिवस लोक उठले. साहेब होते भिंतीआड, बंदुका घेऊन. उघड्यावर सापडणार ते अकिडा. पणजोबा जीव घेऊन पळाले आणि चालत चालत किनाऱ्याला लागले. पुढे जर्मनांनी त्या मुलखातली उभी पिकं जाळली आणि तलवारीने मेली नसती एवढी माणसं भुकेने मेली. पणजोबांनी उरलेलं आयुष्य गावातल्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात काढलं. "घरात आम्ही एवढंच सांगतो, शिक्षक होते. माझ्या वडिलांनी खरं सांगितलं तेव्हा मी लग्नाचा झालो होतो. नीमासाठी ते शिक्षक आहेत. वर्गात ग्रेस आहे ना, तिची माणसं दक्षिणेची, त्याच जळलेल्या मुलखातली. आणि माझ्या मुलीने तिच्यासमोर उभं राहून त्या चौकटीवर बोट ठेवायचं? राहू दे त्यांना शिक्षक. खलास."

आता मित्राचं सांत्वन करायचं तर गप्प बसावं. मी आयुष्यात ही गोष्ट कधी केलेली नाही. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? आमचे पणजोबासुद्धा इंग्रजांच्या नोकरीत होते," आणि गोष्ट सुरू केली. ही गोष्ट आमच्या घरात मुंजीत, लग्नात, बारशात सांगितली जाते. पणजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. एका दुष्काळी साली सगळ्या जिल्ह्यात शेतसाऱ्याची वसुली तुंबली, पण आमच्या पणजोबांच्या तालुक्यात एक पैसा मागे राहिला नाही. कलेक्टरसाहेबाने भर कचेरीत बोलावून चांदीच्या मुठीची काठी दिली. आणि मग तो मजेचा भाग, जो माझे आजोबा हातवारे करून रंगवत आणि आम्ही मुलं खिदळायचो: त्या साली कचेरीच्या ओट्यावर तांब्यापितळेच्या हंडे-कळशांची अशी रास लागली होती, की परगावचा माणूस भांड्यांचं दुकान समजून भाव विचारायला आत शिरला!

सैदी मन लावून ऐकत होता. ऐकणं हा त्याचा गुणच. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "त्या वर्षी पाऊस पडला नव्हता ना?"

"थेंब नाही."

"मग लोकांनी भरलं कुठून?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा नव्हता. हंडे-कळशा. आजोबांचे हातवारे. परगावच्या माणसाने भाव विचारला तेव्हा साऱ्यापोटी ज्यांच्या घरांतून त्या कळशा उचलून आणल्या होत्या ती माणसं तिथेच अंगणात उभी असणार, हे माझ्या डोक्यात पन्नाशी जवळ येईपर्यंत एकदाही आलं नव्हतं. मशिदीत अजान सुरू झाली. नळीचं पाणी आळं भरून फरशीवर आलं होतं, ते आम्ही दोघेही बघत राहिलो.

"ही गोष्ट तुम्ही लोकांना सांगता?" सैदीने विचारलं.

"सगळ्यांना."

"मोठ्याने?"

"जेवताना," मी म्हणालो.

तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांत पाणी. मीही हसलो, दुसरं काय करणार? "मिस्टर जयंत," तो डोळे पुसत म्हणाला, "तुमचे आणि आमचे भेटले असते तर एकमेकांना उठून सलाम केला असता." थोड्या वेळाने मी म्हणालो, "नीमाला सांगा तुम्ही." तो म्हणाला, "आधी तुम्ही सईला सांगा. तुमचं सोपं आहे, तिला गोष्ट पाठ आहे." आणि नमाजला गेला. घारग्यांचा डबा घेऊन गेला, त्यावरून मी धीर धरला.

सई पलंगावर फोन घेऊन लोळत होती. मी तिला गोष्ट सांगितली, या वेळी अंगणातल्या माणसांसकट. आजवर ज्या गोष्टीला हमखास हशा मिळाला ती सांगताना मी दोनदा अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती ऐकून उठून बसली. "आय नो, बाबा. आय ऑल्वेज वंडर्ड अबाउट द पॉट्स."

"कधीपासून?"

"लहान होते तेव्हापासून."

"मग विचारलं का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी टेलिंग इट," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मुलीने बापाच्या पाठीवर थोपटावं यासारखं मोठं करणारं दुसरं काही नाही. माणूस एका क्षणात पाच-दहा वर्षांनी वाढतो.

भिंतीपलीकडचं आम्हाला कळलं ते आवाजांतून. आधी सैदीचं सावकाश बोलणं, बराच वेळ. मग नीमाचा चढलेला स्वर, मग दार आपटल्याचा आवाज. वृंदा पदराला हात पुसत भिंतीकडे तोंड करून उभी होती. दुसऱ्या दिवशी सलमाने सांगितलं, पोरगी चिडली होती, पण खापरपणजोबांवर नाही, 'शिक्षक' म्हणून सांगणाऱ्या बापावर. एक दिवस तिने अबोला धरला. मग येऊन बापाला एकच प्रश्न विचारला: त्यांना भीती वाटत होती का? सैदी म्हणाला, मला माहीत नाही. आणि बाप 'माहीत नाही' म्हणतोय हे तिने पहिल्यांदा ऐकलं, म्हणून ती त्याच्या शेजारी बसली. त्या दिवशी संध्याकाळी मागचं फाटक वाजलं. नीमा तक्त्याची गुंडाळी घेऊन उभी. "अंकल, कॅन आय कट धिस?" मी कात्री दिली. माझे बाण, माझे रंग, माझा 'की इंटरफेस', सगळ्याच्या पट्ट्या झाल्या, आणि दोघी पोरी जमिनीवर बसून हसत होत्या. आजवर कुठलाही तक्ता फाटताना मला इतका आनंद झाला नव्हता, हे मात्र मी प्लान्टमध्ये कुणाला बोललो नाही.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चौघं मागच्या रांगेत बसलो. सैदीने टाय बांधला होता आणि तो सारखा सैल करत होता. मुलींनी पडद्यावर फक्त चौथी चौकट ठेवली होती, मोठी, आणि तिच्यात दोन माणसं शेजारी शेजारी. एक टांगाचा, एक नाशिककडचा. नीमा म्हणाली, बर्लिनमध्ये बसलेल्यांना हा मुलूख दिसतही नव्हता. दारात जो उभा राहायचा तो यांच्यासारखा होता, आणि यांतला हा आमचा आहे. सई म्हणाली, आणि हा आमचा, आणि कळशांचं सांगितलं. तिने ते इंग्रजीत सांगितलं आणि 'कळशी' हा शब्द मराठीतच ठेवला. कुणी हसलं नाही. मिस काही बोलणार एवढ्यात पुढच्या रांगेतून ग्रेस उठली. उंच, धिटाईने बोलणारी मुलगी. सैदीने माझा दंड पकडला.

"त्याच्याकडे चाबूक होता?" ग्रेसने विचारलं.

"होता," नीमा म्हणाली.

ग्रेसने पडद्यावरच्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या गावात अजून कुणी कापूस लावत नाही. मला वाटायचं, ते आळशी आहेत." आणि खाली बसली. कार्यक्रम संपल्यावर बघतो तर तिघी फराळाच्या टेबलाशी, आणि ग्रेस सलमाने केलेले मंदाझी तोंडात कोंबत नीमाला सांगत होती, "तुझी माणसं जुलमी, पण हे मात्र जमतं तुम्हाला." नीमाने तिला कोपर मारलं. सैदीने तेव्हा माझा दंड सोडला.

सई आता परदेशात शिकते, नीमाही. सुट्टीत दोघी आल्या की अल रुवैसच्या बंदरावर मासे आणायला जायचं ठरतं, आणि गाडीत ग्रेसला फोन लावून तिघी एकदम ओरडतात. सैदी वडिलांच्या गावच्या घरात आता पणजोबांबद्दल दोन्ही सांगतो. आधीचं आणि नंतरचं.

त्या संध्याकाळी शाळेतून परतताना मुली सैदीच्या गाडीत बसल्या, आमच्या गाडीत आम्ही दोघंच. मी अर्थातच बोलत होतो, पोरींनी काय धीट मांडलं, सैदीने कसं मन मोठं केलं, मीसुद्धा कसं. वृंदा खिडकीतून बाहेर बघत होती. मुऐदरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "अहो, त्या दुष्काळात वसुली पुरी करून, साहेबाची काठी घेऊन पणजोबा घरी आले, तेव्हा पणजी काय म्हणाली?"

मी आठवून पाहिलं. काठीचं सांगतात, साहेबाचं सांगतात, त्याने इंग्रजीत काय शाबासकी दिली तेसुद्धा सांगतात. पणजीचं काही सांगत नाहीत.

"म्हणजे नक्की काहीतरी म्हणाली असणार," वृंदा म्हणाली.